झीज

गेल्या रविवारी एका मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मित्राच्या आईचा आग्रह की जेवायला पंगतच बसवायची. पाट, केळीची पानं, रांगोळी, सगळं साग्रसंगीत. आमच्या टीममधले आठ जण होतो. पानं वाढायला घेतली तसा एकेक जण "काकू, एखादी खुर्ची मिळेल का हो?" म्हणत मागे सरकला. तिशीच्या आतले पाच जण! उरलेल्या तिघांत मी होतो तो केवळ इभ्रतीपोटी. वरणभातापर्यंत तग धरला, मसालेभाताला डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि जिलबी येईपर्यंत माझा पाय समोरच्याच्या पानापर्यंत लांब झालेला होता. शेजारी मित्राचे आजोबा, वय वर्षं ब्याऐंशी, ताठ पाठीने मांडी घालून निवांत ताक भुरकत होते. माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "गुडघ्याला बाशिंग बांधायचं वय तुमचं, आणि तुम्ही गुडघेच धरून बसलात?"

पंगत हसली. मीही हसलो. पण ते डोक्यात राहिलं, कारण आमच्या घरी गेली दोन वर्षं गुडघा हाच विषय चालू आहे.

आईचं वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखायला लागला म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि दोन शब्दांत निकाल दिला, "झीज आहे." पुढे नेहमीचं. जिना टाळा, खाली बसू नका, जपून वापरा. आईने आयुष्यात कुठल्याही डॉक्टरचा सल्ला इतक्या निष्ठेने पाळला नसेल. आधी जमिनीवर बसणं गेलं. मग जिना गेला. मग रविवारची पर्वती गेली. मग मंडईपर्यंत चालत जाणं गेलं, भाजी ॲपवरून यायला लागली. दोन वर्षांत गुडघा इतका जपला, इतका जपला, की दुखणं जिथल्या तिथे आहे आणि वर मांड्या बारीक होऊन वजन सहा किलोंनी वाढलं आहे.

बाबांचा या उपचाराला सक्रिय पाठिंबा. त्यांनी एकच स्कूटर तेवीस वर्षं वापरली, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट जपून वापरली की जास्त टिकते यावर त्यांची श्रद्धा. "अरे, पार्ट आहे तो. जेवढा चालवशील तेवढा झिजणार."

आता इथे माझ्यातला मेकॅनिकल इंजिनिअर जागा होतो. (डिग्री मेकॅनिकलची, पोट कोडिंगवर. तुमच्यापैकी अर्ध्यांचं तेच असणार.) तिसऱ्या वर्षाला मशीन डिझाईनमध्ये बेअरिंग निवडायला शिकवतात. त्यात एल-टेन नावाचं आयुष्य असतं. एकसारख्या बेअरिंगांचा एक गठ्ठा फिरवत ठेवला तर किती फेऱ्यांनंतर त्यातली १० टक्के निकामी होतील, तो आकडा. भार वाढवा, आयुष्य झपाट्याने घटतं. फेऱ्या मोजा, किती उरलं ते सांगता येतं. बाबांचा गुडघा हा असा आहे. डॉक्टरांच्या तोंडच्या 'झीज' शब्दातला गुडघाही असाच आहे.

माझं म्हणणं असं की हा शब्दच घोळ घालतो.

गुडघा बेअरिंग असता तर सगळ्यात आधी पळणाऱ्यांचे गुडघे गेले असते. २०१७ साली पळण्यावरच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून एक निबंध प्रसिद्ध झाला. हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण निघालं ३.५ टक्के. न पळणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धांसाठी पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. म्हणजे अति केलं की त्रास आहेच, पण काहीच न करणारा जवळपास त्याच्याच पंक्तीला जाऊन बसतो. (ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळायच्या भानगडीत पडत नाहीत, हा आक्षेप मान्य. तरी बेअरिंगचं गणित या आकड्यांवर बसत नाही ते नाहीच.)

आणखी एक. वजन जास्त असलेल्यांना गुडघ्याचा संधिवात जास्त होतो, ते भारामुळे असं आपण समजतो. भाराचा भाग आहेच. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. पण जास्त वजनाच्या माणसांना हाताच्या बोटांचा संधिवातही जास्त होतो. आता बोटांवर कोण चालतं?

मग सांध्यात नक्की चालतं काय? हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, काही मिलिमीटर जाडीचा. त्यात बहुतांश पाणीच. गंमत म्हणजे त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. मग तिला खायला-प्यायला कोण घालतं? सांध्यातला चिकट द्रव. आणि तो आत पोचतो कसा? दाबाने. पाऊल टाकलं की कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की पुन्हा आत शोषलं जातं. म्हणजे चालणं हे या थराचं जेवण आहे. भार आल्यावर आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि बराचसा भार ते पाणीच पेलतं, त्यामुळे घर्षण इतकं कमी की बर्फावर बर्फ घासला तरी त्याहून जास्त भरेल. असं बेअरिंग माझ्या कुठल्या कॅटलॉगमध्ये नव्हतं. वापरलं की वंगण मिळतं, ठेवून दिलं की उपाशी!

आता बाबांच्या बाजूचा मुद्दा. तोही आहे, लपवण्यात अर्थ नाही. २०१६ साली काही संशोधकांनी माणसांच्या गुडघ्यातल्या कूर्चेचं वय मोजलं. पद्धत भन्नाट आहे. १९५०-६०च्या दशकांत जे अणुस्फोट झाले त्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला, तो अन्नातून त्या काळातल्या प्रत्येक माणसाच्या अंगात उतरला आणि त्यावरून शरीरातला कुठला भाग कधी तयार झाला ते कळतं. निष्कर्ष असा, की कूर्चेतले कोलॅजनचे धागे वाढीच्या वयात जे तयार होतात तेच जन्मभर पुरवायचे. मोठेपणी नवे जवळजवळ होतच नाहीत. म्हणजे गेलेला थर परत येत नाही, हे खरं. बाजारात 'कूर्चा पुन्हा तयार करणाऱ्या' गोळ्या विकणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी. पण 'परत येत नाही' आणि 'वापरल्याने संपतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि 'झीज' हा शब्द त्यांची एकच गुंडाळी करतो.

संधिवातात थरासोबत खालचं हाड बदलतं, सांध्याचं अस्तर सुजतं, स्नायू दुबळे होतात. अख्खा सांधा आजारी असतो. आणि एक्स-रे वाईट दिसतो म्हणजे दुखणं जास्त, असंही नाही. भयंकर फिल्म घेऊन ठणठणीत हिंडणारे आहेत, आणि स्वच्छ फिल्म घेऊन कण्हणारेही. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवातावरची आजची मार्गदर्शक तत्त्वं काढून बघा, गोळ्यांच्याही आधी व्यायाम आणि वजन या दोन गोष्टी येतात. 'जपून वापरा' कुठे येत नाही.

हाडांचं तर याहून वेगळं. आपण हाड म्हटलं की मेलेली वस्तू समजतो, कारण आपण ते बघतो सांगाड्यात किंवा ताटात. जिवंत हाड सतत पाडकाम-बांधकाम चालू असलेली पेठ आहे. काही पेशी जुनं खरवडून काढतात, काही मागोमाग नवं भरत येतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा दरवर्षी साधारण दहावा हिस्सा असा नवा होतो. आणि कुठे भरायचं हे ठरतं भारावरून. हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फने १८९२ साली मांडला. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. उलटं उदाहरण अंतराळवीरांचं. भार नाही म्हटल्यावर खुब्याकडच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते, व्यायाम करकरूनही ती आटोक्यात ठेवताना नाकी नऊ येतात. आपल्या क्युबिकलमध्ये गुरुत्वाकर्षण आहे हे नशीब, पण त्याचा उपयोग आपण फक्त खुर्ची दाबायला करतो.

यात आपल्या वयाचा एक वाईट मुद्दा आहे. हाडांची भर पडते ती विशीच्या शेवटापर्यंत. त्यानंतर आहे ते टिकवायचं, आणि बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर उतार बराच जोराचा. माझं वय एकोणतीस. म्हणजे हा लेख लिहितोय तोवर काउंटरचं शटर अर्धं खाली आलेलं आहे. टॅक्स वाचवायला आपण ३१ मार्चला धावतो ना, तसं इथे करता येत नाही.

असो. जमिनीकडे वळू, कारण मूळ पंगत तिथे बसली होती.

शाळेत शिकवलेलं आठवतंय? कोपर, गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा. खांदा, खुबा म्हणजे उखळीचा सांधा. उखळीचा हा शब्द बाबा आदमच्या काळचा आहे. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार दिलेत, त्यात एक 'उलूखल', म्हणजे उखळच. काखेतला आणि खुब्याचा सांधा त्यात टाकलाय. सुश्रुताने हाडं ३०० मोजली, तर चरकाने ३६०. आज आपण मोठ्या माणसाची २०६ धरतो. लगेच हसू नका. त्यांच्या मोजणीत दात होते, कूर्चाही होती, चरकाने तर नखंही धरली. शिवाय मोजदाद ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही. जन्मलेल्या बाळाला २७०च्या वर हाडं असतात आणि मोठेपणी ती एकमेकांना जुळून कमी होतात. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग कुंचल्याने हलके हलके खरवडत एकेक थर बघायचा, ही रीत सुश्रुतसंहितेत लिहिलेली आहे. डिबगर न लावता प्रॉडक्शनमध्ये अंदाजपंचे हात घालणाऱ्या आमच्यासारख्यांनी यातून काहीतरी घ्यावं. (ह. घ्या.)

तर, गुडघा बिजागरीचा हे शाळेपुरतं ठीक. खरा गुडघा वाकताना मांडीचं हाड नडगीवर गडगडतंही आणि घसरतंही, फिरण्याचा अक्ष जागा बदलत राहतो आणि पाय पूर्ण सरळ होताना शेवटी नडगी किंचित बाहेर वळून कुलूप लागल्यासारखी बसते. दाराची बिजागरी असं काही करत नाही. पण मांडी घालण्यापुरतं महत्त्वाचं हे, की गुडघ्याला आडवं पिळणं फारसं जमत नाही. मांडी घालताना पाय बाहेर वळतो तो मुख्यतः खुब्यात, त्या उखळीत. आपली उखळ दिवसाचे दहा तास खुर्चीत एकाच काटकोनात अडकलेली. वळायची सवयच गेली. मग खाली बसलं की खुबा वळत नाही आणि ते पिळणं बिचाऱ्या गुडघ्यावर येतं. दुखतो गुडघा, चूक खुब्याची. बग एका मॉड्यूलमध्ये आणि क्रॅश दुसऱ्यात, हे आपल्याला रोजचंच.

बसण्याच्या सवयी हाडांवर लिहिल्या जातात हे एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवलं होतं. हॅवलॉक चार्ल्स नावाचा डॉक्टर लाहोरच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचा. १८९३च्या सुमारास त्याने पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर निबंध लिहिला. उकिडवं बसून बसून घोट्यात नडगीचं हाड आणि त्याखालचं हाड एकमेकांना पुढच्या बाजूने टेकतात, आणि तिथे लहान गुळगुळीत चकत्या तयार होतात. युरोपियन हाडांवर त्या क्वचितच दिसायच्या. पुढे कळलं की युरोपातल्या जुन्या सांगाड्यांवरही त्या होत्या, अलीकडे येता येता कमी होत गेल्या. खुर्ची आली, चकती गेली. आमच्या आजोबांच्या घोट्यात त्या असणार. माझ्या घोट्यात शोधायला गेलात तर काय मिळेल याची मला खात्री नाही.

इथवर वाचून काही मंडळींना 'बघा, आपले पूर्वज किती शास्त्रीय होते' असा फॉरवर्ड टाकायची घाई झाली असेल. थांबा. बीजिंगमधल्या वयस्कर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याची अमेरिकेतल्या लोकांशी तुलना केली गेली. खुब्याचा संधिवात तिथे अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांपेक्षा ८० ते ९० टक्क्यांनी कमी निघाला. पण तिथल्या बायकांमध्ये गुडघ्याचा संधिवात उलट जास्त निघाला. आणि २००४ साली त्याच अभ्यासातून हेही पुढे आलं, की पंचविशीत रोज दोन-तीन तास किंवा त्याहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांना म्हातारपणी गुडघ्याचा त्रास जास्त होता. (खुबा वाचला तो बसण्यामुळेच, असंही छातीठोक म्हणता येत नाही, हाडाचा जन्मजात आकारही कारण असू शकतो.) तेव्हा शेतात दिवसभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईला 'किती छान व्यायाम' म्हणणं हा शहरी चावटपणा आहे. तिला तीन तास सोसावं लागतं, आपल्याला तीन मिनिटं जमत नाही. मला हवंय ते या दोन टोकांच्या मधलं. दिवसातून काही वेळा खाली बसायचं आणि हात न टेकता उठायचं, बस्स.

सांधेबदलाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमधला जॉन चार्नली हा शल्यविशारद खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा बाप मानला जातो. घर्षण कमी हवं म्हणून त्याने वाटी टेफ्लॉनची केली. शेकडो रुग्णांना बसवली. काही वर्षांत टेफ्लॉन झिजलं आणि त्या कणांनी आजूबाजूच्या भागाची वाट लावली. एकेकाची शस्त्रक्रिया पुन्हा करायची वेळ आली. त्यानंतर या माणसाने टेफ्लॉन आणि नवीन प्लॅस्टिक स्वतःच्याच मांडीत टोचून घेतलं, शरीर काय करतं ते बघायला. टेफ्लॉनभोवती गाठ झाली, नवं प्लॅस्टिक शांत राहिलं. १९६२ पासून त्याने ते पॉलिएथिलीन वापरलं आणि आजचे सांधे त्याच वंशातले. स्वतःच्या कोडची टेस्टिंग स्वतःच्या मांडीत करणारा दुसरा डेव्हलपर मला माहीत नाही.

'झीज' हा शब्द तंतोतंत लागू पडतो तो या धातू-प्लॅस्टिकच्या सांध्याला. तो खरोखर फेऱ्या मोजतो. त्यामुळे गुडघा बदलल्यावर मांडी, उकिडवं बसणं सहसा टाळायलाच सांगतात. जास्त वाकणारे म्हणून वेगळे गुडघेही आले. ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत घातली तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि जास्त वाकणाऱ्याला त्याहून थोडे अधिक, जीएसटी वेगळा, असे वेगवेगळे दर जाहीर झाले. पण ते नेहमीच्या गुडघ्यापेक्षा खरोखर फार जास्त वाकतात, असं अभ्यासांत काही ठळक दिसलेलं नाही. ज्याला शेवटच्या टप्प्यात गरज आहे त्याला ही शस्त्रक्रिया वरदान आहे, त्यात वाद नाही. माझा राग तिथवर पोचायच्या आधीच्या वीस वर्षांवर आहे, जी 'जपून वापरा'मध्ये जातात.

तीन महिन्यांपूर्वी आईला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. बाई कडक. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठा-बसा." आईला चार जमले. आईने मला मागे वळून जो लुक दिला तो मी विसरणार नाही. आता दहाच्या दोन खेपा होतात. दुखणं गेलेलं नाही. पण दुखलं की लगेच 'झिजलं' म्हणून घाबरणं कमी झालंय. लिफ्टने वर येते, जिन्याने खाली उतरते. खरं तर गुडघ्याला उतरणंच जास्त जड, तेव्हा उलटं कर असं मी सुचवून पाहिलं, पण "तू इंजिनिअर आहेस, तिने शिकवलंय तसंच मी करणार" असं उत्तर मिळालं. बाबा अजून तिच्या प्रत्येक पायरीला मनातल्या मनात किलोमीटर मोजत असतात.

आणि हो, हा लेख मी खाली बसून, लॅपटॉप पाटावर ठेवून लिहायला घेतला होता. सुश्रुतापर्यंत मजल मारली. पुढचा सगळा खुर्चीवरून लिहिलाय.